डबा सुरू करण्याआधी आम्ही गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो का मागतो

मधुमेहाचा डबा लावायला फोन केलात की आमच्याकडून पहिला प्रश्न येतो: गोळ्या कुठल्या चालू आहेत? इथे गोव्यात, फोंड्यातल्या बऱ्याच ग्राहकांना तो आवडत नाही. "तुम्ही जेवण द्या, औषधांचं डॉक्टर बघतील," असं ऐकून घ्यावं लागतं. डॉक्टरांनीच बघायचं, यात वाद नाही. पण उद्यापासून तुमचं ताट बदलणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलंय का? बहुतेक वेळा नाही.

आमच्या डब्यात उकड्या तांदळाच्या भाताची एक मूद असते. त्याच्या दुप्पट भाजी, मूग, कुळीथ किंवा अळसांदे (चवळीचा प्रकार) यांपैकी एक काहीतरी, आणि मासळीच्या दिवशी तव्यावरचा बांगडा. घरच्या शीत-कढीपेक्षा, म्हणजे भात-कालवणापेक्षा, यात भात निम्म्याहून कमी, त्यामुळे जेवणानंतरची साखर लगेच कमी चढू लागते. गोळी मात्र जुन्या ताटाच्या हिशेबाने लिहून दिलेली असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचंही तसंच. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस उगाच चिडतो.

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फारच कमी. अडचण अशी की "मी फक्त मेटफॉर्मिन घेतो" म्हणणाऱ्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइडही लिहिलेलं निघतं. एकाच गोळीत दोन औषधं असणं आता नेहमीचं झालंय. म्हणून तोंडी सांगितलेलं आम्ही धरत नाही. पाकिटाच्या मागचा फोटो पाठवा, आणि डॉक्टरांना "भात निम्मा करतोय, डोस तोच ठेवू का?" एवढं विचारून या. डोस ठरवणं हे आमचं काम नाही. स्वतः गोळी बंद करणं हे तुमचंही नाही.

हे न केल्यामुळे काय होतं, तेही सांगतो. साडेअकराला फोन येतो: "गरगरतंय, डबा आधी आणून द्या." डबे पोहोचवणारा मुलगा तोवर ढवळीच्या वाटेला लागलेला असतो. त्याला मागे फिरवलं की पुढच्या सगळ्या घरांचे डबे उशिरा पोहोचतात, आणि त्या घरांतही वेळेवर जेवणं गरजेचं असलेली माणसंच आहेत. शिवाय अशा वेळी डबा उपयोगाचा नसतो. भात-भाजी पचून साखर वर यायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमीच असेल तर पुन्हा घ्या, आणि मग जेवा. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.

उपासाचंही सांगायला हवं. श्रावणी सोमवारी, एकादशीला डबा बंद ठेवता, पण सकाळची गोळी सवयीने घेतली जाते. उपास करायचा तर त्या दिवशीच्या गोळीचं आधीच विचारून ठेवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर जास्तच, कारण त्या गोळ्यांवर उपाशी राहिल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. रिकाम्या पोटी उर्राक (काजूची दारू) घेणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं!

आता वजनाचं. "डब्याने डायबिटीस जाईल का?" हा प्रश्न रोज येतो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. पण ती माणसं सरासरी शंभर किलोंच्या घरातली, मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन कोणालाच नाही. तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या पातळ आहारावर होती, आणि औषधं पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. आमचा डबा तसा नाही आणि आम्ही तसं आश्वासनही देत नाही. सावकाश पाच-सात किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब दोन्हींना फायदा होतो, कंबरही सैल होते. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या आत असावी, असं मानतात. टेप घरीच लावून बघा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे "आमच्या घरात कोणाला नाही" म्हणणारा ग्राहक आम्हाला सहसा भेटत नाही. डबा मात्र एका माणसाचा असतो. त्यातला बांगडा नातवाला आणि राहिलेल्या भाजीवर पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) दोन पोई, म्हणजे कोंडा लावलेले पाव, असं झालं तर वजन हलणार नाही. पोईवर कोंडा दिसतो, पण आत बऱ्याचदा मैदाच जास्त असतो. खायचीच तर एक, आणि त्या जेवणातला भात सोडून. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, अंगणात फेऱ्या मारल्या तरी चालतील.

नवीन ग्राहकांनी पहिला आठवडा फक्त दुपारचा डबा घ्यावा, रात्रीचं नंतर ठरवू. त्या आठवड्यात जेवणानंतर दोन तासांची साखर कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांना तोच कागद दाखवता येतो. दुसऱ्या दिवशीचा डबा नको असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवा. बिनमाशाचा डबा त्याच दरात मिळतो, आणि घरातल्या बाकीच्यांना हवं असेल तर साधं जेवणही आमच्याकडे आहे. रविवारी स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा शनिवारीच कुळीथ जास्तीचे मागून घ्या.