धावत मारलेला ड्राइव्ह आणि पाऊल टाकून मारलेला ड्राइव्ह

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडूपासून पाच-सहा पावले मागे जाऊन मग त्याच्यावर चालून जाणाऱ्या गृहस्थांना हा कसला सराव म्हणून विचारले, की ते ‘स्टेप ड्रिल’ असे उत्तर देतात. शेजारच्या मॅटवर कोणी दोन्ही पाय जुळवून उभा राहिला आणि बॅकस्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेणे, पुरा होण्याआधी त्याने डावा पाय हलकेच पुढे टाकला, तर पाहणारे म्हणतात, ‘हाही धावत मारायला शिकतो आहे.’ दोन्ही प्रकार ड्राइव्ह, म्हणजे टी नावाच्या छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून मारायचा पहिला फटका, लांब जावा म्हणून केले जातात, दोन्हींत पाय जमिनीवरून उचलला जातो आणि दोन्ही रूढ स्विंगच्या चौकटीत बसत नाहीत, एवढ्यावरून त्यांना एकच समजण्याची ही चूक मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता ती एकदा नीट सोडवून लिहिणेच बरे. पुढचे सारे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावे.

धावत मारण्याविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ते बहुतेकांनी पाहिलेले असते. १९९६ च्या एका अमेरिकी विनोदी चित्रपटात आइस हॉकीचे वेड असलेला नायक तसा फटका मारतो, आणि तेव्हापासून रेंजवर त्याची नक्कल करणाऱ्यांची वाण पडलेली नाही. मात्र हा प्रकार निव्वळ थट्टेचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे ओपन ही मोठी स्पर्धा जिंकणारा आणि २००८ मध्येच पीजीए चॅम्पियनशिपही मिळवणारा आयर्लंडचा पॉड्रिग हॅरिंग्टन याने हा फटका गांभीर्याने करून पाहिला आहे, आणि धावत मारलेला त्याचा चेंडू खरोखरच दूर जातो.

पाऊल टाकून मारण्याची रीत कमी लोकांना ठाऊक असते. चेंडूसमोर दोन्ही पाय जवळजवळ जुळवून उभे राहायचे, क्लब सावकाश मागे न्यायला सुरुवात करायची, आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंत आले, पण क्लब अजून मागेच जातो आहे, अशा क्षणी डावा पाय उचलून लक्ष्याच्या दिशेने साधारण नेहमीच्या स्टान्सइतक्या (उभे राहताना दोन पायांत ठेवतो तितक्या) अंतरावर टाकायचा. तो पाय टेकला, की मग डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली चेंडूवर आणणे. धाव नाही, उडी नाही, आणि डोके चेंडूच्या मागेच राहते. हा मुळात सरावाचा प्रकार आहे. फेरीत, म्हणजे प्रत्यक्ष खेळात, कोणी तसे मारत नाही आणि मारण्याची गरजही नसते. तेथे त्याचे जे छोटे रूप वापरायचे असते, त्याकडे शेवटी येतो.

किरकोळ फरक एका दमात सांगून टाकतो. नियमांच्या दृष्टीने दोहोंत काही फरक नाही. चेंडू हलता असताना मारू नये असे गोल्फचे नियम सांगतात, खेळाडू हलता असू नये असे सांगत नाहीत. चेंडू टीइंग एरियात (पहिला फटका मारायच्या आखलेल्या जागेत) असला म्हणजे खेळाडूने तिच्या बाहेर उभे राहिले तरी चालते. ग्रिप तीच, टीची उंची तीच, क्लब तोच. धावत मारणाऱ्यामागे जरा जास्त जागा लागते आणि टी-बॉक्सवरचे (त्याच जागेवरचे) गवत उखडते, ज्याबद्दल माळीबुवा काय म्हणतात ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता खरा घोळ कोठे होतो ते पाहू. धावत मारणाऱ्याला विचारले, की चेंडू लांब का जातो, तर तो म्हणतो, ‘माझ्या धावेचा वेग क्लबमध्ये उतरतो.’ ऐकायला हे पटते, कारण आपण क्रिकेट पाहत वाढलेली माणसे आहोत आणि वेगवान गोलंदाज लांबून धावत येतो हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. पण हिशेब करून पाहा. चेंडूकडे येताना दोन-तीन पावलांत माणूस साधारण ताशी पाच-सहा मैलांचा वेग घेतो. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरचे, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचे, डोके ताशी नव्वद ते शंभर मैलांनी फिरत असते. धावेचा सगळा वेग जसाच्या तसा क्लबमध्ये मिळवायचा, तर चेंडूला क्लब लागण्याच्या क्षणीही शरीर त्याच वेगाने लक्ष्याकडे सरकत असले पाहिजे. आणि असे सरकते शरीर घेऊन एवढ्याशा चेंडूला क्लबफेसचा (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मध्य कोणी नेमका लावू शकत नाही. जे लावू शकतात, त्यांचे शरीर त्या क्षणी सरकत नसते. ते थांबलेले असते.

थांबणे हेच या सगळ्याचे मर्म आहे. डावा पाय जमिनीवर टेकून गुडघा ताठ होऊ लागला, की पुढे येणारे शरीर अडते. जमीन त्या पायाला मागे आणि वर ढकलते, तो रेटा शरीराच्या मध्यातून न जाता एका बाजूने जातो, आणि म्हणून डावी कंबर मागे खेचली जाऊन धड गर्रकन वळते. सरळ रेषेतली गती येथे फिरण्याच्या गतीत बदलते. पुढे कंबर मंदावते तेव्हा खांदे वेग घेतात, खांदे मंदावतात तेव्हा हात, आणि हात मंदावतात तेव्हा क्लब. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार जागचा हलत नाही, तरी दगड पलीकडच्या शेतात पडतो, तो याच न्यायाने.

क्रिकेटचाच दाखला हवा असेल, तर लांबलचक धावेचा घेऊ नये, जसप्रीत बुमराहचा घ्यावा. त्याची धाव वेगवान गोलंदाजांच्या मानाने अगदी आखूड आणि अडखळत आल्यासारखी आहे, आणि तरी चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या वर जातो, कारण चेंडू सोडताना त्याचा पुढचा पाय खांबासारखा ताठ असतो. टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक आणणाऱ्या नीरज चोप्राची धाव लांब असते हे खरे. पण भाला सुटतो तो डावा पाय रोवून ती धाव मोडल्यावर, आणि म्हणूनच फेकीनंतर तो पुष्कळदा पुढे हातांवर पडताना दिसतो. धाव हे भांडवल आहे, आणि ते पुढच्या पायावर खर्च झाले नाही, तर त्याचा काही उपयोग नाही.

आता प्रश्न उरतो तो वेळेचा, आणि धाव व पाऊल यांतली खरी सीमारेषा तीच आहे. डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. डावा पाय डाउनस्विंग सुरू झाल्यावर टेकला, तर त्या पावाच्याही तुकड्यात शरीर अडायचे, कंबर वळायची, मग खांदे, मग हात, असा सगळा क्रम बसायचा. तो बसत नाही. म्हणून पाय आधी टेकला पाहिजे, म्हणजे क्लब अजून मागे जात असताना किंवा अगदी शिखरावर असताना. त्या क्षणी शरीराचा खालचा भाग लक्ष्याकडे निघालेला असतो आणि वरचा भाग लक्ष्यापासून दूर वळतच असतो. या उलटसुलट ओढीने पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू अधिक जोराने आखडतो. पाऊल टाकण्याचा सराव शिकवतो तो खालचा आणि वरचा भाग विलग करणारा एवढाच क्षण. पाय किती लांब टाकला, किती जोरात टाकला, याला त्यापुढे महत्त्व नाही.

धावणारा हौशी खेळाडू नेमके येथे चुकतो. तो धावतानाच क्लब मागे नेतो, शेवटच्या पावलाला हात आणि पाय एकदमच पुढे आणतो, आणि त्याचा डावा पाय टेकतो तेव्हा क्लब अर्ध्या वाटेवर खाली आलेला असतो. कंबर, खांदे, हात सारे एका गाठोड्यासारखे मिळून पुढे जातात. त्याला वाटते आपण प्रचंड ताकदीने मारले. दम लागलेला असतो, म्हणून ताकद लागली असे वाटणारच. वेग मात्र जागच्या जागी मारल्याइतकाच राहतो, कधी त्याहूनही कमी.

हे तपासायला प्रशिक्षक लागत नाही, मोबाइल पुरतो. समोरून स्लो मोशनमध्ये चित्रण करावे, डावा पाय पूर्ण टेकल्याची फ्रेम शोधावी आणि त्या फ्रेममध्ये क्लब कोठे आहे एवढेच पाहावे. क्लब शिखरावर असेल किंवा मागे जात असेल, तर ते पाऊल. हात उजव्या खिशाच्या उंचीपर्यंत खाली आले असतील, तर ती धाव, मग तिला ड्रिल म्हणा नाहीतर आणखी काही. या कसोटीवर हॅरिंग्टनसारख्या कसबी खेळाडूचा धावता फटका लावून पाहिला, तर मौज दिसते : त्याचा पुढचा पाय वेळेवर टेकतो. म्हणजे उत्तम धावता फटका हा मुळात पाऊल टाकून मारलेलाच फटका असतो, फक्त त्याच्या मागे दोन पावले जास्तीची जोडलेली असतात. त्या जास्तीच्या पावलांनी अडवायला थोडी अधिक गती मिळते आणि म्हणून थोडे अधिक अंतरही मिळते, हे मी नाकारत नाही. पण ज्याला अडवता येत नाही, त्याला अधिक गती देणे म्हणजे ब्रेक नसलेल्या सायकलला उतार दाखवण्यासारखे आहे.

किंमत काय पडते, तेही आकड्यांत पाहावे. क्लबचा वेग ताशी १०० मैल असेल आणि चेंडू फेसच्या मध्यावर बसला, तर चेंडू साधारण दीडपट, म्हणजे १५० मैलांनी निघतो. धावून तुम्ही क्लबचा वेग १०५ केलात, पण चेंडू फेसच्या टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला) किंवा टोकाकडे लागून तेच गुणोत्तर १.४० वर आले, तर चेंडूचा वेग होतो १४७. पाच मैल कमावून तीन मैल गमावले. आणि चेंडूच्या वेगातल्या एका मैलामागे ढोबळ मानाने दोन यार्ड धरले, तर सहा यार्ड मागे. शिवाय टाचेवर लागलेला ड्राइव्ह फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, पडेल अशी आशा मी तरी करत नाही. धावत आल्यावर शेवटचे पाऊल दर वेळी त्याच जागी पडत नाही, दोन-तीन इंच इकडे-तिकडे होतेच, आणि फेसच्या मध्यापासून तेवढे हटायला तेवढे इंच पुष्कळ झाले.

दुसरी किंमत उंचीची. टीवर ठेवलेला चेंडू ड्रायव्हरने किंचित वर जाताना लागला, तर त्याच वेगात तो अधिक लांब वाहतो. धावणाऱ्याचे डोके आणि छाती बहुधा चेंडूच्या पुढे निघून जातात, त्यामुळे क्लब वरून खाली येतो, चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागतो आणि मांडवावर फेकल्यासारखा सरळ वर जाऊन शंभर-सव्वाशे यार्डांवर पडतो. ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरे ओरखडे दिसले, की त्याचा मालक धावणारा आहे हे मी न विचारता ओळखतो. पाऊल टाकताना मात्र कंबर पुढे जाते आणि डोके मागे राहते, म्हणून वर जाणारा फटका आपोआप साधतो.

पावसाळ्यात तर धावूच नये. जुलैमध्ये पुण्या-मुंबईकडच्या ओल्या टी-बॉक्सवर स्पाइक्स असूनही पुढचा पाय घसरतो, आणि ताठ होऊ पाहणारा गुडघा घसरला म्हणजे काय होते, ते मी एकदा अनुभवून तीन आठवडे घरी बसलो आहे.

ज्यांना हे सारे खरोखर फेरीत वापरायचे आहे, त्यांनी पावलाचे छोटे रूप घ्यावे : बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्यावी आणि डाउनस्विंगची सुरुवात ती टाच पुन्हा जमिनीवर रोवून करावी. नामवंत अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉस त्याच्या भरात असताना असेच मारत असे, आणि बुब्बा वॉटसन, जो डावखुरा असल्यामुळे त्याची उजवी टाच उचलली जाते, हेच करून दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. टाच जमिनीला खिळवून ठेवा असे सांगण्याची पद्धत मधल्या काळात पडली होती, आणि आजही पुष्कळ प्रशिक्षक चाळिशी उलटलेल्या, कंबर आखडलेल्या माणसाला तेच सांगतात, हे मला कधीच पटलेले नाही. ज्याचे शरीर वळत नाही, त्याला टाच उचलू दिली, तर निदान कंबरेला वळायला जागा होते.

सरावाचा क्रम असा ठेवावा. प्रथम दहा चेंडू ७ नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने), पाय जुळवून, पाऊल टाकत आणि अर्ध्या जोराने मारावेत, कारण ड्रायव्हर हातात आला, की जोर लावण्याचा मोह आवरत नाही. मग पाच ड्रायव्हरने तसेच. त्यानंतर नेहमीच्या स्टान्समध्ये उभे राहून फक्त टाच दोन बोटे उचलत पाच मारावेत आणि त्यांतल्या एकाचे चित्रण करून टाच टेकल्याची फ्रेम पाहावी. क्लब तोवर खाली यायला लागला असेल, तर पुन्हा आयर्न घ्यावे.