नर्सिंगमधून आहारक्षेत्रात: डाएटिशियन की न्यूट्रिशनिस्ट?

जाहिरातींत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्यामुळे वॉर्ड सोडून आहारक्षेत्रात येऊ पाहणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदरना वाटतं, कुठलाही कोर्स केला तरी चालेल. तसं नाही.

डाएटिशियन आजारी माणसाचा आहार ठरवते. नाकातल्या नळीवर असलेला ६० किलोचा पेशंट घ्या. किलोमागे २५ किलोकॅलरी धरल्या तर दिवसाला १५०० होतात. फीड मिलीलिटरला एक किलोकॅलरी देणारं असेल तर २५० मिलीचे सहा फीड. इथपर्यंतचं गणित कुठलीही अनुभवी नर्स तोंडी करते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणं, नळी जागेवर आहे का पाहणं हेही तिच्या हातात बसलेलं असतं. पण हाच पेशंट आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी असेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण १५०० देणं घातक. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतात आणि जिवावर बेततं. अशा वेळी थोडक्यावरून सुरुवात, थायमिन (जीवनसत्त्व बी-१), रोजचे रिपोर्ट पाहून वाढ. किती आणि कधी वाढवायचं, याची शिफारस डाएटिशियनची. किडनीच्या पेशंटचंही तसंच: डायलिसिसआधी प्रथिनं आवरायची, डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवायची. जुनाच तक्ता चालू राहिला तर माणूस खंगत जातो, आणि ही चूक फार दिसते.

न्यूट्रिशनिस्टचं काम बहुतेक करून वस्तीत, शाळेत, अंगणवाडीत, खेळाडूंबरोबर. यातला नर्सला सर्वात जवळचा भाग म्हणजे तीव्र कुपोषित मुलं. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज. पोषण पुनर्वसन केंद्रात सहा किलोच्या मुलाला सुरुवातीला एफ-७५ हे उपचाराचं दूध किलोमागे १३० मिली, म्हणजे दिवसाला ७८० मिली. दर दोन तासांनी ६५. सूज फार असेल तर किलोमागे १००. घाईने वाढवलं तर हृदयावर ताण येतो. हे ज्याने रात्रपाळीत केलंय त्याला वर्गात शिकवायला फारसं उरत नाही. तरीही जाहिरातीत पोषणशास्त्राची पदवी मागितली असेल, तर अनुभव त्या पदवीची जागा घेत नाही.

कायद्यात दोघीही आहेत. सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट एकाच गटात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी हा कायदा किमान ३६०० तासांची पदवी धरतो. बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात आहारशास्त्र आहे ६० तासांचं. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर ‘क्लिनिकल डाएटिशियन’ अशी पाटी लावणं म्हणूनच अंगाशी येऊ शकतं.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांना थेट एमएस्सी नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. बीएस्सी नर्सिंगवाल्यांनी आहारशास्त्राच्या एमएस्सीला किंवा पदव्युत्तर डिप्लोमाला अर्ज करण्याआधी नर्सिंगची पदवी चालते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा द्यायची असेल तर तोच प्रश्न तिथेही विचारावा. आरडीला रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. ती नोकरीच्या पाळ्यांबरोबर निभत नाही, तेवढ्या रजेची सोय आधी बघा. पूर्वी पाळ्या सांभाळून दूरस्थ शिक्षण घेता यायचं. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलं आहे. एजंट अजूनही असे प्रवेश विकायला बसलेले असतील, सावध राहा.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर डायबेटिस एज्युकेटर हा मधला रस्ता आम्हाला जास्त व्यवहारी वाटतो. इन्सुलिन टोचणं, ग्लुकोमीटर, पायांची काळजी हे नर्सचंच काम. त्यात ताटातल्या कर्बोदकांचा हिशेब शिकायचा. फक्त किडनीचा किंवा नळीवरचा पेशंट आला की डाएटिशियनकडे पाठवायचा.

कुठलाही रस्ता धरा, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण शिकत असतानाही चुकवू नका.