गुळवेल, मायलोमा आणि टी-पेशींचा ब्रेक

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप वर्षानुवर्षे फिरतोय: मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर, प्रतिकारशक्ती वाढवली की बरा होतो, गुळवेलीचा काढा घ्या. आमच्या मावशीकडेही पातेलं उकळायचं, कडू वास पार परसापर्यंत.

पण मज्जेत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, असतातच. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि कॅन्सरपेशी तोच दाबतात. काढ्याने तो सुटत नाही.

मग औषधाने सोडवा की! ब्रेकच्या शोधाला 2018चं नोबेल मिळालं, त्वचेच्या कॅन्सरमध्ये गुणही आला. मायलोमात मात्र 2017 साली पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१चा ब्रेक सोडवणारं औषध इतर औषधांसोबत दिलं, तेव्हा मृत्यू वाढले. अमेरिकेत चाचण्या थांबवल्या. शिवाय लढून थकलेल्या टी-पेशींवर टिजिटसारखे आणखीही ब्रेक असतात.