पार्श्वभूमी : डबल-ग्लेझ्ड खिडकीचं हँडल, ४३ मिमीचं माप आणि किल्लीचा वाद

डबल-ग्लेझ्ड म्हणजे दोन काचांच्या खिडकीचं हँडल तुटलं तर आज बहुतेक वेळा नुसतं हँडल बदलून काम भागतं. काच काढावी लागत नाही, झडप उतरवावी लागत नाही, दोन स्क्रू सोडवले की जुनं हातात येतं, आणि खिडकी एका कंपनीची, हँडल भलत्याच कंपनीचं असलं तरी बसतं. पण काही खिडक्यांना हे अजिबात जमत नाही, तिथे मिलिमीटरभर फरकानेही नवं हँडल फुकट जातं. हा फरक कुठून आला ते कळलं की निवड करताना निम्मा गोंधळ कमी होतो, म्हणून थोडं मागे जाऊ.

फार जुन्या काळात जास्त रेंगाळत नाही. आधी अडसर आणि कडी, मग सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्समधल्या उंच, आत उघडणाऱ्या खिडक्यांवर वरपासून खालपर्यंत एक लोखंडी कांब बसवायला लागले. मधली मूठ फिरवली की कांब फिरायची आणि वर-खालचे आकडे चौकटीत अडकायचे. आजच्या ‘एस्पॅग’चं, म्हणजे झडपेच्या कडेत लपवलेल्या आणि अनेक ठिकाणी पकडणाऱ्या कुलूपपट्टीचं, नाव याच कांबेवरून आलंय, जरी आजच्या एस्पॅगमधली पट्टी फिरत नाही, सरकते. महत्त्वाचं इतकंच की एका मुठीने दोन-तीन ठिकाणी खिडकी पकडायची कल्पना नवी नाही, मधे काही काळ ती मागे पडली होती.

मागे पडली ती स्टीलच्या खिडक्यांमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बारीक स्टीलच्या चौकटींची लाट आली आणि त्यावर जे हँडल असायचं त्याला कॉकस्पर म्हणतात. झडपेवर हँडल, हँडलला पुढे आलेलं नाक, आणि चौकटीवर धातूची छोटी पाचर. हँडल खाली केलं की नाक पाचरीवर चढतं आणि झडप आत ओढली जाते. म्हणजे हँडल हेच कुलूप, दुसरं काही नाही. एकाच ठिकाणी पकड, पण झडप हलकी, काच एकेरी, आणि थोडा वारा आत येणारच हे सगळ्यांनी धरलेलं, त्यामुळे चालून गेलं.

दोन काचांची कल्पना तशी जुनी, अमेरिकेत १८६५ मध्येच तिचं पेटंट झालं होतं, पण कारखान्यात कडा सील केलेली युनिट्स १९३०-४० च्या दशकांत यायला लागली. १९५९ मध्ये फ्लोट काचेची, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगवून सपाट काच करायची, पद्धत जाहीर झाली, चांगली सपाट काच पुढे मुबलक मिळायला लागली, आणि १९७३ च्या तेलसंकटाने घर गरम ठेवणं एकदम महागडं करून टाकलं. थंड देशांमध्ये डबल ग्लेझिंग खऱ्या अर्थाने घराघरांत गेलं ते यानंतर. ब्रिटनमध्ये त्या काळातल्या बऱ्याच खिडक्या ॲल्युमिनियमच्या होत्या आणि त्यांच्यावर हँडल मात्र तेच जुन्या वळणाचं कॉकस्पर.

इथे अडचण सुरू झाली. १ मिमी जाडीची १ चौरस मीटर काच अडीच किलो भरते, म्हणजे ४ मिमीच्या दोन काचा म्हटल्या की चौरस मीटरला २० किलो, शिवाय चौकटीचं वजन वेगळं. त्यात डबल ग्लेझिंगचा फायदा मिळायचा तर झडपेभोवतीचं रबराचं गॅस्केट चारी बाजूंनी सारखं दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर काच कितीही चांगली असो, वारा फटीतून शिरतोच. मधल्या एका नाकाने मधला भाग घट्ट बसतो आणि वरचे-खालचे कोपरे सुटे राहतात. लोक मग हँडल अजून जोरात दाबतात, नाक झिजतं, पाचर झिजते, आणि एक दिवस हँडल हातात येतं.

कॉकस्पर बदलताना जी डोकेदुखी होते तिचं मूळही हेच आहे. कुलूपच हँडलमध्ये असल्याने नाकाची उंची त्या खिडकीच्या चौकटीशी तंतोतंत जुळावी लागते, आणि प्रत्येक उत्पादकाची चौकट वेगळी. झडपेवर जिथे हँडलची बैठक टेकते तिथपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजायचं, ते साधारण ९ ते २१ मिमीमध्ये कुठेही असू शकतं. २ मिमी कमी निघालं तर नाक पाचरीवर चढत नाही, २ मिमी जास्त निघालं तर चढतं पण दाबत नाही. पाचरीखाली पॅकिंग घालून थोडंफार सावरता येतं, तरी मुळात स्क्रूच्या भोकांमधलं अंतरही सगळ्यांचं एक नाही. त्यामुळे कॉकस्पर घेताना फोटो बघून ‘असंच दिसतंय’ म्हणून घेऊ नये, जुनं हँडल काढून पट्टीने मोजूनच घ्यावं.

तिकडे जर्मनीत वाट वेगळी निघाली होती. वरून आत कलणारी आणि बाजूनेही उघडणारी, म्हणजे टिल्ट-अँड-टर्न खिडकीची यंत्रणा १९३० च्या दशकापासून तिथे बनत होती आणि १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या खिडक्याही आल्या. या यंत्रणेत कुलूपबंदीचं सगळं काम झडपेच्या कडेला, खाचेत लपवलेली पट्टी करते. हँडल फिरलं की त्याचा चौकोनी दांडा म्हणजे स्पिंडल आतला गिअर फिरवतो, गिअर पट्टी सरकवतो आणि पट्टीवरचे मशरूम-बोल्ट किंवा रोलर चौकटीतल्या पकडींमध्ये एकाच वेळी अडकतात, वर, मधे, खाली. बाहेर उघडणाऱ्या यूपीव्हीसी म्हणजे कडक पीव्हीसीच्या खिडक्यांमध्ये हेच तत्त्व एस्पॅग म्हणून आलं आणि कॉकस्परची जागा घेत गेलं.

हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो, काचेपेक्षाही. कारण यानंतर हँडल हे कुलूप राहिलं नाही, नुसता दांडा फिरवायची मूठ राहिली, आणि मुठीला चौकटीच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणूनच तिची मापं एकसारखी होऊ शकली : स्पिंडल ७ मिमी चौकोनी आणि दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर ४३ मिमी. ही जोडी आता इतकी सर्वत्र आहे की दुकानदार विचारतही नाहीत, गृहीत धरतात.

मग विचारायचं काय उरतं? स्पिंडलची लांबी. हँडल उघड्या स्थितीत फिरवलं की झाकणाखालचे दोन स्क्रू दिसतात, ते काढले की हँडल सरळ बाहेर येतं आणि बैठकीच्या पाठीमागे दांड्याचा तुकडा दिसतो, तो बैठकीपासून टोकापर्यंत मोजायचा. १०, १५, २० पासून ४०, ५५ मिमीपर्यंत लांब्या मिळतात. आखूड घेतला तर गिअरमध्ये टोक जेमतेम पोचतं, आठवडाभर चालतं आणि मग आतली कड खाऊन मोकळं फिरायला लागतं. लांब घेतला तर हँडल झडपेला टेकतच नाही, पण तो करवतीने कापता येतो, म्हणून शंका असेल तर लांबच घ्यावा.

दुसरं म्हणजे सरळ की वाकडं. सरळ हँडल दोन्ही बाजूंना चालतं, वाकडं म्हणजे क्रँक्ड हँडल डावं-उजवं असतं, बोटं आपटू नयेत म्हणून ते एका बाजूला झुकवलेलं असतं. डावं कशाला म्हणायचं यात विक्रेत्यांचं एकमत नाही, तेव्हा शब्दावर न जाता खिडकी बंद करून, आत उभं राहून, हँडल कुठे झुकतंय ते त्यांच्या चित्राशी ताडून बघावं. आणि काही यूपीव्हीसी खिडक्यांना चौकोनी दांड्याऐवजी मागे चपटं पातं असतं, त्यांना ४३ मिमीवालं हँडल बसत नाही, त्यांचं वेगळंच घ्यावं लागतं.

आता किल्ली. आज बदलीचं हँडल घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ‘लॉकवालं की बिनलॉकचं’ हाच असतो, आणि यावरून जेवढा वाद झालाय तेवढा मापांवरून कधी झाला नाही.

लॉक हँडलवर परत आलं ते मुख्यतः चोरीच्या भीतीने. चोर काच फोडतो, हात आत घालतो, हँडल फिरवतो आणि खिडकी उघडतो, त्यामुळे पट्टीने कितीही ठिकाणी पकडलं असलं तरी उपयोग नाही. विमा कंपन्यांनी तळमजल्यावरच्या आणि सहज हात पोचेल अशा खिडक्यांना किल्लीचं लॉक हवं अशी अट घालायला सुरुवात केली, मग उत्पादकांनी बहुतेक हँडलांत लॉक टाकलं, कारण दोन प्रकार बनवून ठेवण्यापेक्षा एकच बनवणं सोपं. तळमजल्यासाठी केलेली गोष्ट अशी वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीतही जाऊन बसली.

आणि झोपायच्या खोलीची खिडकी हीच आगीत बाहेर पडायची वाट असते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत सुटकेच्या खिडकीची मापं स्पष्ट आहेत : मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर, उंची आणि रुंदी निदान ४५० मिमी, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मिमीपेक्षा वर नको. एवढं बारकाईने लिहिलंय, पण त्याच मार्गदर्शिकेने या खिडक्यांना काढून ठेवता येणाऱ्या किल्लीचं लॉकही चालेल असं म्हटलंय. वादग्रस्त निर्णय तो हाच. बाजू घेणारे म्हणतात की किल्ली खिडकीजवळ ठेवली की झालं, अग्निशमनवालेही किल्ली सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा असंच सांगतात, आणि चोरी रोजची, आग क्वचितची.

मला हे पटत नाही. धुरात जमिनीवर वाकून, अंधारात, एवढीशी किल्ली शोधून एवढ्याशा भोकात घालायची ही अपेक्षा प्रौढ माणसाकडूनही जास्त आहे, लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं तर सोडाच. काच फोडून बाहेर पडू हाही आधार इथे लागू होत नाही, कारण काचा दोन आहेत, त्यातली एखादी टफन्ड (तापवून कडक केलेली) किंवा लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) असली तर खुर्ची आपटूनही ती लवकर दाद देत नाही. एकेरी काचेच्या काळातला हा विचार डबल ग्लेझिंगला तसाच चिकटवला गेलाय. चोरीत वस्तू जाते. आगीत माणूस जातो. दोन्ही एकाच तराजूत घालून सोयीच्या बाजूने मोजलं गेलं असं मला वाटतं.

पुढे यातून थोडी वाट निघाली. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या सुरक्षा योजनेत सहज पोचता येणाऱ्या खिडकीला किल्लीचं लॉक हवं म्हटलं, पण सुटकेच्या खिडकीला त्यातून वगळलं, आणि बिनकिल्लीचं हँडल असेल तर हात आत घालता येऊ नये म्हणून लॅमिनेटेड काच घाला असा पर्याय दिला. म्हणजे चोराला काच अडवणार आणि आतल्या माणसाला हँडल अडवणार नाही. हा विचार मला जास्त बरोबर वाटतो. युरोपात मात्र घरफोडीला विरोधाच्या मानकात, २०११ च्या आवृत्तीत, आरसी-२ या प्रतिकाराच्या वर्गापासून वर लॉक होणारं हँडल धरलेलं होतं, त्यामुळे तिकडे किल्ली टिकून राहिली.

किल्लीला तिसरा एक पर्यायही आलाय. चोर नेहमी काच फोडत नाही, आवाज होतो म्हणून तो बाहेरून पट्टी किंवा गिअर सरकवायचा प्रयत्न करतो. नव्या काही हँडलांत आतल्या बाजूने मूठ फिरवली तर फिरते, पण बाहेरून यंत्रणेवर जोर आला तर आतल्या पिना अडकून बसतात, किल्लीची गरजच नाही. काच फोडून हात घातला तर मात्र हे वाचवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

लहान मुलं खिडकीतून पडू नयेत म्हणून लॉक हवं असं बरेच जण म्हणतात, ही काळजी खरीच आहे, पण त्यासाठी झडप १०० मिमीच्या आत थांबवणारा आणि मोठ्या माणसाला सोडवता येणारा रिस्ट्रिक्टर जास्त कामाचा. टिल्ट-अँड-टर्नमध्ये तर उलट्या क्रमाची यंत्रणाही मिळते : हँडल आडवं केलं की झडप आधी फक्त कलते, पूर्ण उघडायला अजून वर फिरवावं लागतं, आणि तेवढ्याच टप्प्याला लॉक असतं, त्यामुळे हवाही येते. मात्र ही झोपायच्या खोलीत घेतली तर त्या किल्लीला वरचाच आक्षेप लागू आहे.

बदलीचं हँडल निवडताना आता आणखी एका गोष्टीचा भार पडतोय. १९८०-९० च्या दशकांत बसवलेल्या यूपीव्हीसी खिडक्या अजून भिंतीत आहेत, हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव, आणि ते मोडलं तर बऱ्याचदा दोष हँडलचा नसतो, आतला गिअर कोरडा पडून किंवा झडप खाली उतरून जड झालेला असतो. जुनं हँडल काढलं की स्पिंडलच्या जागी ७ मिमीचा चौकोनी दांडा किंवा मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून गिअर हलक्या हाताने फिरवून बघावा. झडप उघडी असताना सहज फिरला आणि बंद केल्यावर अडला, तर बिजागऱ्या किंवा चौकटीतल्या पकडी सरकवून घ्याव्या लागतील. उघड्या झडपेतही अडत असेल तर आधी तेल, तेवढ्याने नाही भागलं तर गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्स घेताना झडपेच्या कडेपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजावं लागतं, २० की २२ मिमी, कारण हे माप ४३ मिमीसारखं सगळीकडे एक झालेलं नाही.