तेवीस पराभव, प्रत्येकी एका धावेचे

२०२३ च्या हंगामात सॅन डिएगो पाद्रेज हा बेसबॉल संघ १६२ पैकी ८२ सामने जिंकला आणि ८० हरला. हा आकडा एखाद्या मध्यमवर्गीय संघाला शोभला असता. पण पाद्रेजकडे मॅनी मचाडो, हुआन सोटो आणि झँडर बोगार्ट्स असे बडे तारे होते. एकट्या बोगार्ट्सशी केलेला करारच ११ वर्षांचा आणि २८ कोटी डॉलरचा. पगारावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या पहिल्या तीन संघांपैकी हा एक. तरीही बाद फेरी हुकली आणि खापर फुटलं जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांच्या डोक्यावर.

बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ हा मैदानालगत बसून डावपेच लढवणारा. ‘जनरल मॅनेजर’ म्हणजे जीएम वेगळा. आपल्याकडचा निवड समितीचा अध्यक्ष आणि आयपीएलच्या लिलावात पाटी वर करणारा माणूस एकत्र केला, की साधारण जीएम तयार होतो. खेळाडू आणतो तो, पण चेंडू एकही टाकत नाही. मग हंगाम फसला तर त्यातलं त्याच्या खात्यावर किती टाकायचं?

सुरुवात नाण्यापासून करू. छाप म्हणजे विजय असं धरून खोट नसलेलं नाणं १६२ वेळा उडवलं तर छाप सरासरी ८१ वेळा पडतो. पण नेमका ८१ वेळा क्वचितच. संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, ते इथे सुमारे ६.४ येतं. म्हणजे असे अनेक हंगाम खेळवले तर तीनातले दोन ७५ ते ८७ च्या दरम्यान पडतील आणि उरलेला एक त्याच्याही बाहेर. संघ तोच, जीएम तोच. एका वर्षी राजीनाम्याची मागणी, दुसऱ्या वर्षी करारात वाढ.

नशिबाचा हा वाटा बाजूला काढायची एक सोपी युक्ती बिल जेम्स यांनी शोधली. हे गृहस्थ कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते आणि पहारा देता देता बेसबॉलचे आकडे चिवडत बसत. त्यांचं सूत्र असं : संघाने केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा, दोन्हींची बेरीज करा आणि पहिल्या वर्गाला त्या बेरजेने भागा. आलेला अपूर्णांक म्हणजे संघाने सामन्यांचा जेवढा हिस्सा जिंकायला हवा होता तेवढा. वर्गांमुळे शाळेतल्या प्रमेयाची आठवण होते, म्हणून याला पायथागोरसचं नाव चिकटलं. काटकोन त्रिकोणाशी संबंध शून्य.

पाद्रेजच्या २०२३ मधल्या धावा ७५२, दिलेल्या ६४८. सूत्रात घातलं की ९३ विजय येतात. प्रत्यक्षात ८२. अकरा विजय गेले कुठे? एका धावेच्या फरकाने सुटलेले सामने पाहिले की उत्तर सापडतं. अशा ३२ सामन्यांत पाद्रेज ९ जिंकले, २३ हरले. बरोबरीमुळे लांबलेल्या १४ सामन्यांत तर फक्त २ विजय. नाण्याच्या हिशेबाने ३२ पैकी ९ किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता साधारण एक टक्का. हे अशक्यप्राय वाटतं, पण लीगमध्ये ३० संघ आहेत. नुसत्या योगायोगानेही तीन-चार वर्षांतून एकदा कुणाच्या तरी वाट्याला हे भोग यायचेच.

‘दडपणाखाली ढेपाळणारा संघ जमवला’ हा आरोप मला म्हणूनच कच्चा वाटतो. तो खरा असता तर पुढच्या वर्षीही तेच दिसायला हवं होतं. २०२४ च्या हंगामाआधी पाद्रेजने पगारखर्चाला कात्री लावली, सोटोला न्यूयॉर्क यँकीजकडे धाडलं. धावा झाल्या ७६०, दिल्या ६६९. म्हणजे धावांचा फरक १०४ वरून ९१ वर घसरला, आणि विजय? ९३! धावांच्या मापाने किंचित उणा संघ अकरा सामने जास्त जिंकला.

याचा अर्थ प्रेलर निर्दोष सुटले असा नाही. २०२३ मध्ये मोठ्या नावांच्या मागची फळी पातळ होती. नेल्सन क्रूझला त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर लगेचच नारळ द्यावा लागला. राखीव फलंदाज आणि शेवटच्या डावांतले गोलंदाज जीएमच निवडतो आणि अटीतटीच्या सामन्यांत त्यांचाच कस लागतो. तेव्हा त्या अकरा विजयांतले एक-दोन मी प्रेलर यांच्या नावावर टाकीन. अकराच्या अकरा नाही.

दुसरी अडचण काळाची. रोपटं एकाने लावायचं, फळं दुसऱ्याने खायची, हे या नोकरीत नेहमीचं. डॅन ड्युकेट यांचंच बघा. बोस्टन रेड सॉक्ससाठी पेड्रो मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ, डेरेक लो, जेसन व्हेरिटेक यांना आणलं ड्युकेट यांनी. २००२ मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी ड्युकेट यांना काढलं. २००४ मध्ये बोस्टनने ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा जीएमच्या खुर्चीत होते तरुण थिओ एपस्टीन. एपस्टीन यांनी कर्ट शिलिंग आणि डेव्हिड ऑर्टिझ आणले, हे श्रेय त्यांचंच. पण पायाचे बरेच दगड आधीच्याने रचलेले होते.

ड्युकेट पुढे बाल्टिमोर ओरिओल्सकडे गेले. तिथे २०१२ मध्ये पाद्रेजच्या उलटं चित्र : एका धावेच्या सामन्यांत २९ विजय, ९ पराभव. एकूण विजय ९३, तेही धावांचा फरक जेमतेम ७ असताना. चौदा वर्षं सलग हरणाऱ्या संघाचं सोनं झालं म्हणून कौतुक झालं. २०१३ मध्ये धावांचा फरक वाढून ३६ झाला, म्हणजे संघ सुधारला. पण एका धावेच्या सामन्यांत २० विजय, ३१ पराभव आणि एकूण विजय ८५.

ड्युकेट यांचा बाल्टिमोरमधला शेवटचा हंगाम २०१८ चा. केलेल्या धावा ६२२, दिलेल्या ८९२. विजय ४७, पराभव ११५. जेम्स यांच्या सूत्राने ५३ विजय यायला हवे होते. सहा सामने नशिबाने नेले, असं म्हणता येईल. उरलेल्या १०९ पराभवांसाठी मात्र नाणं पुढे करायची सोय नव्हती.