बाथटबमध्ये कोळसा?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या नगरपालिकांनी कामगारांना बाथटबवाली घरं दिली आणि त्या अडाण्यांनी टबात कोळसा भरला, असा किस्सा सांगतात. कोणी भरला? नेहमी दुसऱ्याच गल्लीतल्या कोणीतरी! नगरपालिकांना घरं बांधायला सरकारी मदत देणाऱ्या १९१९च्या ॲडिसन कायद्यानंतरच्या या घरांचं भाडं गरिबांना झेपणारं नव्हतंच. सुरुवातीला तिथे गेले ते मुख्यतः नियमित पगार असलेले कामगार. जुन्या कोंदट वस्त्या पाडून तिथल्या लोकांना हलवणं जोरात सुरू झालं ते १९३०च्या कायद्यानंतर. कोळशाला तर वेगळी कोठी असायची. खरी अडचण गरम पाण्याची. अनेक घरांत ते मोठ्या हंड्यात तापवून बादलीबादलीने टबात ओतावं लागे. त्यामुळे बऱ्याच कुटुंबांत टब भरे तो आठवड्यातून एकदाच, आणि त्याच पाण्यात एकामागून एक सगळी पोरं.