दुर्बीण घेण्याआधी तिचे पाय पाहा

दुर्बीण गच्चीवर लावली की शेजारचं कुणी ना कुणी विचारतंच, "यातून किती लांबचं दिसतं?" खरं उत्तर दिलं तर माणूस हिरमुसतो. आपल्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या अंधाऱ्या आकाशात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि ती 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे लांबचं पाहायला दुर्बीण लागतच नाही. ती लागते अंधुक गोष्टींचा जास्त प्रकाश गोळा करायला आणि एकमेकांना चिकटलेल्या गोष्टी वेगळ्या करून दाखवायला. ही दोन्ही कामं भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरतात. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा 150 मिलिमीटरची दुर्बीण साडेचार पटींहून अधिक प्रकाश गोळा करते.

खोक्यावर मात्र व्यास बारीक अक्षरांत आणि '675 पट', म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते, ठळक अक्षरांत. हा आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं) भागिले आयपीसचं, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचं, नाभीय अंतर म्हणजे पट. नळी 900 मिलिमीटरची, सोबत 4 मिलिमीटरचं आयपीस, म्हणून 225. वर तिप्पट करणारी प्लॅस्टिकची बार्लो भिंग जोडली की झाले 675. गणितात चूक काहीच नाही, फक्त दिसत काही नाही. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायचा, त्याच्या पुढची पट म्हणजे नुसता फुगलेला धूसर डाग. 70 मिलिमीटरला ती मर्यादा 140, तीसुद्धा हवा अगदी शांत असेल त्या रात्री. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या नळीतून. शनीची कडी ओळखू यायला तीसएक पट पुरते. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना 40 पटीला तो साध्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटत नाही, कारण काळ्या गोलात मोजमापाला शेजारी काहीच नसतं.

आता पायांकडे येऊ. स्वस्त दुर्बिणीत भिंग बऱ्याचदा ठीक असतं. बिघडलेला असतो तो ट्रायपॉड आणि त्यावरचं माउंट, म्हणजे नळी धरून फिरवणारा भाग. पट वाढवली की नळीचा प्रत्येक थरकापही तेवढ्याच पटीने वाढतो. फोकसच्या चाकाला हात लावला की चंद्र उड्या मारायला लागतो, हात काढला की दिसतो, पण तोवर फोकस गेलेला असतो. पोरं दोन रात्री सोसतात, मग दुर्बीण माळ्यावर जाते. घेण्याआधी चाचणी सोपी आहे. लांबचं काहीतरी फोकसमध्ये आणा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि मनात मोजा. दोन सेकंदांत चित्र स्थिरावलं तर उत्तम. पाचापर्यंत मोजावं लागलं तर राहू द्या. दुर्बीण घरात आधीच येऊन पडली असेल तर ट्रायपॉडचे पाय न लांबवता खुर्चीवर बसून पाहा आणि मधल्या तबकाखाली वाळूची पिशवी टांगा. फरक लगेच जाणवतो.

पैशाच्या मानाने सगळ्यात स्थिर माउंट कोणतं, तर डॉब्सोनियन. ते बनवणाऱ्या जॉन डॉब्सनची गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जात नाही. 1915 मध्ये बीजिंगला जन्मलेला हा माणूस 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदांत सोसायटीच्या, म्हणजे रामकृष्ण परंपरेतल्या मठात संन्यासी झाला. तिथे जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून तो दुर्बिणीचे आरसे करू लागला आणि रात्री लोकांना आकाश दाखवू लागला. या नादापायी 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. त्याचं माउंट म्हणजे प्लायवूडची पेटी. फिरत्या भागाखाली सनमायका आणि तिच्यावर टेकलेले टेफ्लॉनचे छोटे तुकडे. या जोडीत हलायला लागण्यापूर्वीचं घर्षण आणि हलत असतानाचं घर्षण जवळपास सारखं असतं, त्यामुळे बोटाने ढकललं की नळी झटका न देता सरकते आणि सोडली की जिथल्या तिथे थांबते. मोटर नाही, वजनं नाहीत. बरा सुतार माहितीतला असेल तर पेटी साताऱ्यातही बनते. आरसा स्वतः घासायची हौस असणाऱ्यांसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने कार्यशाळाही घेतल्या आहेत.

डॉब्सोनियनची अडचण एकच, तारा सतत पुढे सरकतो आणि मागे मागे ढकलत राहावं लागतं. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. 1200 मिलिमीटरच्या नळीत 25 मिलिमीटरचं आयपीस असेल तर ग्रह चार मिनिटं दिसत राहतो. 6 मिलिमीटरच्या साध्या आयपीसला जेमतेम एक मिनिट. यावर उपाय म्हणून लोक इक्वेटोरियल माउंट, म्हणजे एकच अक्ष फिरवून ताऱ्यामागे जाता येईल असं माउंट घेतात, आणि इथे आपलं गाव आडवं येतं.

सातारा साधारण 17.7 अक्षांशावर आहे. इक्वेटोरियल माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त तेवढेच अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे 10 अंश झाकते, म्हणजे ध्रुव दोन मुठींच्याही खाली. उत्तरेला डोंगर किंवा शेजाऱ्याची टाकी असली की तो दिसणारच नाही. त्यात ही माउंट बहुतेक 40-50 अक्षांशावरच्या गिऱ्हाइकांसाठी बनलेली. काही 20 अंशांच्या खाली उतरतच नाहीत, काहींचा वजनाचा दांडा पुढच्या पायावर आपटतो. घेण्याआधी अक्षांशाची पट्टी कुठपासून सुरू होते ते विचारा. विकणाऱ्याला हा प्रश्नच नवा असतो, पण तुम्ही विचाराच.

याच अक्षांशाचा फायदाही मोठा आहे. ग्रह वृषभ-मिथुनेत असले की ते आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातात, तेही हवेच्या सगळ्यात पातळ थरातून. लंडनवाल्यांना हे सुख नाही. पण डोक्यावर पाहायचं म्हणजे मान मोडायची, म्हणून भिंगाच्या दुर्बिणीसोबत 90 अंशांचा स्टार डायगोनल, म्हणजे नजर काटकोनात वळवणारा आरसा, हवाच. अनेक खोक्यांत 45 अंशांचा प्रिझम येतो, तो पक्षी पाहण्यासाठी ठीक आहे. कृत्तिका माथ्यावर असताना त्यातून पाहायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. लांब नळी सरळ वर केली की ती ट्रायपॉडच्या पायाला अडते का, तेही पाहून घ्या. दक्षिणेकडे तर आपली चंगळच. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 25 अंशांपर्यंत वर येतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. 150 मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो आधी नुसता धुरकट गोळा दिसतो. नजर किंचित तिरकी ठेवून मिनिटभर पाहत राहिलं की त्या धुरात कणी कणी फुटायला लागते.

आयपीसांचा संच घेऊ नका. एक 25 मिलिमीटरचं, एक 10च्या आसपासचं, दोन्ही सव्वा इंची (नळीत बसणाऱ्या टोकाचा व्यास). पुढे वाटलंच तर दुप्पट करणारी चांगली बार्लो. चंद्राचा फिल्टर नसला तरी चालतं, खोलीतला दिवा लावून पाहिलं तरी डोळे दिपत नाहीत. फोन धरायचा क्लॅम्प चंद्राच्या फोटोंना पुरतो. त्यापुढची फोटोग्राफी हा वेगळा आणि खिसा रिकामा करणारा छंद आहे. सूर्यासाठी आयपीसमध्ये बसवायची काळी काच मिळाली तर ती सरळ फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्याचा फिल्टर नेहमी नळीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसणारा, आणि फाइंडरवर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या साधनावर, टोपण.

फाइंडर जुळवायचं काम अंधारात करायचं नाही. संध्याकाळी उजेड असतानाच अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर 25च्या आयपीसमध्ये मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून लाल ठिपका टॉवरच्या शेंड्यावर टेकवा. आरशाच्या दुर्बिणीत टॉवर उलटा दिसेल, तो बिघाड नाही. रात्र संपली की ठिपक्याचं बटण बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरी गेलेली असते आणि ती नेमकी घरात नसते.

जागेचं म्हणाल तर मे महिन्यातली गच्ची सगळ्यात वाईट. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम हवा सोडतो आणि ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. अंगणातली माती किंवा गवत बरं. आरसाही पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवावा. चाळकेवाडीच्या पठारावर आकाश सुंदर आहे, पण तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, नळी हलत राहते. कासकडे धुकं आणि दव. फुलांच्या पठारावर ट्रायपॉड रोवायचा विचारही नको, आणि रस्त्यात गवे असतात. कोरड्या हवेसाठी माण-खटावला तोड नाही, जरा लांब पडतं एवढंच. मोटारसायकलवरून नेली तर पोचल्यावर आरशांची जुळणी तपासा. तारा फोकसबाहेर न्या, वर्तुळं एकात एक नीट बसली तर ठीक, एका बाजूला सरकली तर स्क्रूला हात घाला.

जूनपासून चार महिने आपल्याकडे दुर्बीण पेटीतच राहते आणि त्याच काळात तिच्या भिंगांवर बुरशी धरते. दवात भिजलेली नळी टोपण लावून कधीच ठेवू नका, आधी घरात उघडी वाळू द्या. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेलचा रंग उतरला की ते तव्यावर मंद तापवून परत वापरायचं. आरशावर धूळ दिसली म्हणून पुसायला मात्र बसू नका. थोडी धूळ चित्रात दिसत नाही, फडक्याने पडलेला ओरखडा राहतो. अगदीच गरज पडली तर हाताचा फुगा दाबून हवा मारा, तोंडाने फुंकू नका.